देवाला बोललेली पोर

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. गाव देवीचं, आणि माझी माय देवीला हात जोडत नव्हती. शहरातल्या माणसाला यात काही वाटायचं नाही. पण त्या गावात राहून, रोज देवळावरून ये-जा करून, मान न लववता सरळ पुढं जाणारी बाई म्हणजे काय चीज असेल, ते आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारा. एकजण तर तोंडावर म्हणायची, "देवीनं सात लेकरं दिली, अन् हिला एक नारळ फोडवत न्हाई." माय हसून म्हणायची, "दिली असतील कुणी बी. सांभाळून तर मी राह्यले."

माय महानुभाव पंथातली. लग्नाआधीच माहेरी उपदेश घेतलेला. एका परमेश्वराशिवाय कुणापुढं डोकं टेकायचं नाही, दुसऱ्या देवाचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, अंगारे-धुपारे नाहीत, नवस-सायास नाहीत, मटणाचं तर नावच काढायचं नाही. पहाटे गीतेचा पाठ, मग चूल. आणि भेटेल त्याला 'दंडवत प्रणाम'. पोस्टमन आला तरी दंडवत प्रणाम, आणि मिरची घ्यायला मारवाडी शेठ आला तरी दंडवत प्रणाम. शेठ बिचारा गडबडून "जय जिनेंद्र, जय जिनेंद्र" म्हणत पायऱ्या चढायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, पंथातले नव्हते. देवीच्या जत्रेला ते चुलत्यांच्या घरी मटण खाऊन यायचे आणि माय त्यांना अंगणातच अडवायची. "तिथंच थांबा. आंघोळ करा, कपडे भायेर टाका, मंग आत या." आबा थंड पाणी अंगावर घेत चुलत्यांना, जत्रेला आणि बोकडाला शिव्या घालायचे. मायला घालायची हिंमत नव्हती. पण आंघोळ करायचे. त्या दोघांचं भांडण मी लहानपणी एवढंच पाहिलं.

आम्ही सात भावंडं. सगळ्यांत मोठा भाऊ, मग अक्का, मग मी, आणि माझ्यामागं चौघं. एवढ्या लेकरांच्या घरात मार म्हणजे रोजचंच. हातात उलथणं असलं तर उलथणं, केरसुणी असली तर केरसुणी. भाऊ तर म्हणायचा, "माय पाठ करती अन् आपली पाठ सोलती." पण मला मायनं कधी बोट लावलं नाही. माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, तर "पोरी, असं करू नये" एवढंच. त्याच पातेल्याला धाकट्याचा नुसता धक्का लागला, की त्याचे कान लाल. भाकरी पहिली मला, तुपाचा गोळा पहिला मला. शाळेत नाव घालायच्या आधी मला गीतेचा एक अध्याय तोंडपाठ होता. सगळ्या बहिणींची नाकं-कानं सोनारानं टोचली, माझं नाक तेवढं राहिलं. "तुझं नाक नाजूक हाये," माय म्हणायची. माझं नाक चांगलं भलंमोठं! पण मी आरशात बघून खूश व्हायची. भावंडं मला कलेक्टरीणबाई म्हणायची. म्हणू देत म्हटलं, जळतात मेली. मी मायची लाडकी होते आणि मला त्याचा माज होता.

सातवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. आमच्याकडं हिरव्या मिरचीचा तोडा चालू होता. मिरची तोडायला मला कधी नेत नसत, हात भाजतात म्हणून. त्या दिवशी माय पौर्णिमेला जाळीच्या देवाला, म्हणजे तिच्या पंथाच्या तीर्थाला, गेल्ती. मला घरात करमेना. मी अक्काच्या मागं लागून शेतात गेले आणि मोठ्या तोऱ्यात तोडायला बसले. दुपारपर्यंत हातांची नुसती आग. वर मी शहाणीनं तोच हात डोळ्याला लावला. मग काय विचारता, बांधावर बसून असा गळा काढला की शेजारच्या वावरातले मजूर उभे राहून बघायला लागले.

अक्काच्या हातांना तर वर्षानुवर्षांची सालटं. ती सकाळपासून वाकलेली, तिला उन्हाचा ताव आलेला. ती टोपलं आपटून म्हणाली, "आता गप बस! न्हाई तर माय आम्हालाच मारंल, तिच्या देवाच्या ठेवीला हात लावला म्हणून."

"कसली ठेव?"

"तू! भाऊ तापानं मरून राह्यला व्हता तव्हा मायनं तुला देवाला बोललंय. तू पोटात व्हतीस. मोठी झालीस की तुला पंथात देणार, डोक्यावरचे केस काढणार, पांढरं नेसवणार. म्हणून तुझं नाक टोचलं न्हाई. म्हणून तुला कुणी बोलत न्हाई. तुला काय वाटलं, तू लई गोरी-गोमटी म्हणून?"

मी रडायचीच थांबले. डोळ्यात मिरची होती, तरी थांबले. अक्कानंही तोंडावर हात ठेवला. मला पहिल्यांदा वाटलं, ही खोटं बोलतेय. मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि प्रत्येक गोष्ट तिच्या बोलण्यात बराबर बसत गेली. पहिली भाकरी. तूप. गीता. नाक. साध्वी बाया घरी आल्या की मला वेणी घालून पुढं बसवायचं ते. मी घरातली लाडकी लेक नव्हतेच. दुसऱ्याची वस्तू जपून ठेवतात तशी मी होते, आणि हे सगळ्या घराला माहीत होतं. मला सोडून.

निदान आबांना तरी माहीत असेल असं मला वाटलं होतं. तेही नव्हतं! संध्याकाळी माय आली, हातपाय धुऊन भाकरी थापायला बसली. मी चुलीपुढं जाऊन उभी राहिले. "माय, मला देवाला देणार व्हय तू?"

तिचा हात परातीत तसाच राहिला. तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का दारामागं. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "व्हय."

बस, 'व्हय'. मला वाटलं होतं ती म्हणेल, कोण म्हणतं? कुणी सांगितलं तुला, त्याची जीभ हासडते. ती खोटं बोलत नसे, हीच तर मोठी अडचण.

ओसरीवर आबा तंबाखू मळत बसले होते. ते उठून आत आले. "काय व्हय? काय बोलून राह्यली तू?" मायनं सगळं सांगितलं. भाऊला विषमज्वर झाल्ता, डॉक्टरनं हात टेकले होते, तेव्हा ती परमेश्वराला बोलली, हा वाचू दे, पोटातलं लेकरू तुझ्या मार्गाला लावीन. आबांचं तोंड उघडं ते उघडंच. एवढी वर्षं या बाईच्या हातचं जेवले, जत्रेहून आले की गपगुमान अंगणात आंघोळ केली, आणि ही आपल्या लेकीचं परस्पर ठरवून मोकळी! मग जो आवाज चढला तो मी परत कधी ऐकला नाही. "माझी पोर हाये ती! मला इचारलं व्हतं का? एका शब्दानं इचारलं का? तुझा देव लई मोठा असंल, पण पोरीला बाप बी हाये!" त्यांनी ताट ढकललं आणि चुलत्यांकडं जेवायला निघून गेले. माय भाकरी करत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. मला तिचा असा राग आला की सांगायची सोय नाही, आणि तरी झोपताना मी तिच्याच कुशीत शिरले. दुसरीकडं कुठं जाणार?

महिन्याभरात तपस्विनी बाई आल्या. या पंथातल्या वयस्कर साध्वी, पांढरं लुगडं, काढलेलं डोकं, चेहरा एकदम हसरा. गावोगाव फिरताना वर्षातून एकदा आमच्याकडं टेकायच्या. मायनं दंडवत घातला, घोंगडी अंथरली आणि मला समोर बसवलं. आबा खांबाला टेकून उभे, हाताची घडी, कुणी काही बोललं तर भांडायच्या तयारीत. माय म्हणाली, "बाई, माझं एक बोलणं राह्यलंय. ते तुम्ही घेऊन जा." आणि सगळी हकीकत सांगितली.

बाईंचं हसू गेलं. "नवस केलास?"

मायनं मान हलवली.

"अगं, आपल्यात नवस असतो का? तो बरा कर, मी हे देते, असा परमेश्वराशी सौदा करतात का? हे तर देवीपुढं बोकड बोलल्यासारखंच झालं. कुठून शिकलीस हे?"

त्या एका वाक्यानं माझ्या मायचं काय झालं ते मी पाहिलंय. जन्मभर देवळापुढून ताठ मानेनं गेलेली बाई. शेजारणी खेटून म्हणाल्या असत्या, तू आमच्यातलीच, तरी तिनं मानलं नसतं. आणि जिच्या पायाशी डोकं ठेवायचं ती म्हणते, तू बोकडवाल्यांतली! तिचा चेहरा राखेसारखा झाला. आबासुद्धा हाताची घडी सोडून तिच्याकडं बघायला लागले. मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही तिची कीव आली.

बाई मग माझ्याकडं वळल्या. "तुझं काय म्हणणं, पोरी? यायचंय का आमच्यासंगं?"

"न्हाई," मी म्हणाले. "मला मायपाशी राहायचंय."

"झालं तर. इच्छेवाचून आम्ही कुणाला नेत नसतो. बोलली तुझी माय, तू न्हाईस बोललेली." एवढं बोलून बाईंनी पाणी मागितलं. विषय संपला. एवढ्याशा बोलण्यात संपला! मी तर घर सोडून पळून जायचा बेत केला होता, केदारखेड्याच्या मावशीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढायच्या आधीच वासरू सोडून बसले. त्यानं सगळं दूध पिऊन टाकलं. माय मिरच्या निवडत होती, तशीच उठली आणि माझ्या गालावर सणसणीत ठेवून दिली. भाऊ, अक्का, धाकटे, सगळे जागच्या जागी. मायचाही हात हवेत तसाच. मिरचीचा हात, गालाची नुसती लाही लाही होऊन राह्यली, आणि मी हसायला लागले. रडत रडत हसत होते. "येडी झाली का ही?" आबा म्हणाले. त्याच आठवड्यात सोनार बोलावून माझं नाक टोचलं. नंतर मला इतका मार बसला की आधीची सगळी कसर भरून निघाली. मिरची तोडायलाही जाऊ लागले. माझ्या मनानं तो विषय तिथंच मिटला.

पुढं माझं लग्न झालं, जालन्यात दिलं. नवरा बियाण्याच्या गोदामात कामाला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. माय बाळाला न्हाऊ घालत होती. मी सहज विचारलं, "माय, मला लहानपणी तू मारत का नव्हतीस गं? देवाची वस्तू म्हणून?"

तिनं बाळाच्या तोंडावरचं पाणी निपटलं. "तसं न्हाई. मारलं की माया लागते. भांडलं, रुसलं, समजूत घातली की माया लागते. म्हटलं, हिच्या वाट्याला जायचंच न्हाई. गोड बोलायचं, दुरून सांभाळायचं. म्हणजे जायच्या वक्ताला ना तुला जड, ना मला."

"मंग?"

"मंग काय. पार उलटं झालं."

एवढं बोलून ती बाळाला टॉवेलात गुंडाळायला लागली. तिनं माझ्यावर माया न करायचा एवढा कसोशीनं प्रयत्न केला होता, आणि मी तेच माया म्हणून मिरवत हिंडत होते. चिडू की रडू तेच कळेना. शेवटी तिच्यावर खेकसले, "बाळाचे कान पूस नीट!"

दोन हजार पाच-सहा साली धाकट्या भावाचं लग्न झालं. आमच्यातलं शेवटचं. मांडव अजून काढायचा होता, पाव्हणे निघाले होते. मायनं आम्हा सातही जणांना आणि आबांना माजघरात बसवलं, कमरेची किल्ली काढून भावजयीपुढं ठेवली आणि म्हणाली, "माझं झालं. आता मी दीक्षा घेते."

आबा हसले. त्यांना वाटलं थट्टा. मायनं पुन्हा सांगितलं. दीक्षा म्हणजे काय हे आम्हाला चांगलं माहीत होतं. डोकं काढायचं, कुंकू पुसायचं, नवरा जिवंत असताना. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आपला मुलूख सोडायचा, नात्यातल्या माणसांचा संबंध सोडायचा. तिला दूर विदर्भात कुठंतरी पाठवणार. परत माय म्हणून घरी येणं नाही, लेकीच्या घरी राहणं नाही, कुणाच्या लग्नात नाही, मरणात नाही. आम्ही गेलो तर इतर चार भाविकांसारखं भेटायचं.

"हिच्यामुळं!" धाकटी बहीण माझ्याकडं बोट करून ओरडली. "ही गेली न्हाई म्हणून माय चालली!"

माझा तर भडकाच उडाला. "मी काय केलं गं? बाईंनीच सांगितलं ना, आपल्यात नवस नसतो म्हणून? मंग कुणाचं काय फेडायचं राह्यलंय? कोण आलंय मागायला?"

"कुणी न्हाई," माय शांतपणे म्हणाली. "मी नवस फेडत न्हाई, पोरी. बाई बोलल्या ते खरंच व्हतं. पण बोलायची येळ आली तव्हा मी दुसऱ्याचा जीव बोलले, सोताचा न्हाई. पोटातल्या लेकराला पुढं केलं. त्याला तोंड बी नव्हतं न्हाई म्हणायला. ते मनातून बिलकुल जात न्हाई. तुम्ही लहान व्हतात म्हणून थांबले."

भाऊ मान खाली घालून बसला. ज्याच्यासाठी बोलणं झालं होतं तो हा, आता त्याच्याच डोक्याला टक्कल. आबा उठले, गोठ्यात गेले आणि बऱ्याच वेळानं आले. म्हणाले, "मला यातलं काही कळत न्हाई. पण हिनं मला माझी पोर ठेवू दिली. आता हिला अडवायला मी तोंड कुठून आणू?" ते असं बोलतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

दीक्षा द्यायचा आश्रम जाळीच्या देवाकडचाच, लहानसा. भोकरदनहून एसटीनं आम्ही सगळे गेलो. बसमध्ये मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "तिथं रीत हाये, घरच्या प्रत्येकाची संमती विचारतात. एकानं नाही म्हटलं तर दीक्षा होत नाही. मी नाही म्हणणार. मग मला कुणी काही म्हणू दे." तो खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या तोंडी लागायचं नाही हे त्याला कळत होतं.

लहान सभामंडप, खाली जाजम. महंतबाबा म्हातारे, बारीक आवाजाचे. माय त्यांच्यासमोर नव्या पांढऱ्या लुगड्यात बसली होती. डोकं अजून काढायचं होतं. अर्धे पिकलेले केस मोकळे. मी तिला केस मोकळे सोडून कधी बसलेलं पाहिलंच नव्हतं. महंतबाबांनी आधी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "जाऊ द्या." भाऊला विचारलं, त्यानं हात जोडले. अक्कानं डोळे पुसत मान हलवली. मागच्या चौघांनीही कसंबसं 'व्हय' म्हटलं. धाकटीसुद्धा म्हणाली. मी भिंतीकडेला बसले होते म्हणून शेवटी राहिले.

"आणि तू, ताई?" महंतबाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं.

"हिला नका इचारू, बाबा," माय म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. महंतबाबा म्हणाले, "रीत आहे, माई. इथं जे हजर आहेत त्या सगळ्यांना विचारावं लागतं."

"ही न्हाई म्हणंल. अन् हिचं 'न्हाई' माझ्यानं मोडवत न्हाई. बाकीच्यांचं मोडलं असतं, कसंबी करून मोडलं असतं. हिचं न्हाई मोडवत."

म्हणजे मी एक शब्द बोलले की ही उठणार, आमच्यासोबत एसटीत बसणार, रात्री घरी भाकरी थापणार. एक शब्द! सहाही भावंडं माझ्याकडं बघत होती. धाकटीच्या डोळ्यांत तर सरळ दिसत होतं, बोल, बोल गं. आबा जाजमाकडं बघत होते.

माय माझ्याकडं वळली. तिनं घटकाभर ओठ दातांत धरले. "पोरी," ती म्हणाली, "जरा भायेर जाऊन बसतीस का?"

ती सांगत नव्हती. विचारत होती. जन्मात कधी तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

मी उठले. भिंतीला धरत धरत गेले. मागून भाऊनं हाक मारली, मी वळून पाहिलं नाही. बाहेर आले, आणि दार मीच ओढून घेतलं.